मोठं घर, मोजके पैसे आणि तरी पोटभर चांगलं जेवण

मोठ्या घरात पैसे कमी पडायला लागले की पहिली कात्री डाळीला लागते. आमटी पातळ होते, उसळ आठवड्यातून एकदाच होते आणि ताटातला भाताचा ढीग वाढत जातो. पोट भरतं सगळ्यांचं, पण अंगाला काही लागत नाही. म्हणून आधीच सांगते, कात्री लावायचीच असेल तर बिस्किटं, फरसाण, साखर, तेल आणि चहाच्या फेऱ्यांना लावा, डाळी-कडधान्याला हात लावू नका. आमच्या घरात 11 माणसं आहेत, सासूसासऱ्यांपासून पहिलीतल्या पोरापर्यंत, आणि आमचं सगळं याच हिशोबावर चालतं.

महिन्याचं सामान भरताना मोठ्या माणसाला दिवसाला 60-70 ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य धरायचं, म्हणजे महिन्याला 2 किलो, लहान मुलांना त्याच्या निम्मं. 11 जणांचं मिळून 18-19 किलो होतं, आकडा ऐकून दचकायला होतं पण नुसती तूरडाळच भरली तर तो खरा जड जातो. हरभरा डाळ आणि मसूर बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त असतात. तूर आणि मसूर निम्मी-निम्मी शिजवा, वरणाची चव बिघडत नाही. शिवाय हुलगे आणा, शहरात लोक विसरलेत त्यांना, पण हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले की थंडीत एका पातेल्यात अख्ख्या घराचं जेवण होतं, सोबत फार तर कांदा नि लिंबू लागतं.

धान्याचं म्हणाल तर आमच्याकडे ज्वारी. रब्बीची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये यायला लागते तेव्हा वर्षाची किंवा निदान सहा महिन्यांची घेऊन टाका, थेट शेतकऱ्याकडून मिळाली तर उत्तमच, मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर मग काय बोलायलाच नको. कडक उन्हात दोन दिवस वाळवायची, गार झाली की कोठीत भरायची, मधेमधे कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकायचा. एकदम पैसे काढणं जमत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून पोतं घ्या आणि वाटून घ्या. आणि रेशनचं धान्य सोडू नका प्लीज! प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला 5 किलो मोफत मिळतं, तांदूळ जाडा आहे म्हणून बरेच जण तो विकून टाकतात, पण घावनाला, इडलीला, भाजणीला तोच तांदूळ एकदम चांगला.

उसळीची एक सायकल लावून घ्या म्हणजे रोज विचार करावा लागत नाही. सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड तयार, थंडीत अजून अर्धा दिवस द्यावा लागतो. एक संपली की दुसरी भिजलेली पाहिजे, मटकी, मग मूग, मग चवळी, मग हरभरे असं फिरतं ठेवायचं. उसळ शिजल्यावर फोडणी घालायच्या आधी म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची वेगळी काढून घ्या, त्यात फक्त मीठ, जिरं, थोडा गूळ, आणि उरलेल्याला झणझणीत कांदा-लसूण मसाल्याची फोडणी. एवढं केलं की दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत.

भाजी बाजारातून संध्याकाळी आणा, उठायच्या वेळेला वाटे स्वस्त देतात. थंडीत मेथी, चाकवत, हरभऱ्याची भाजी भरपूर येते तेव्हा रोज खा आणि हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा, पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाची असते तेव्हा तोच पाला डाळीचं पीठ लावून करायचा. उन्हाळ्यात मटकीच्या डाळीचे सांडगे घालून ठेवले की जुलै-ऑगस्टची निम्मी काळजी मिटते. शेवग्याचं झाड दारात किंवा शेजारी असेल तर नशीब समजा, नुसत्या शेंगाच नाही तर पालासुद्धा खायचा, मूगडाळ घालून. दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ घालून चटणी होते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं कुठे ना कुठे जातं.

तेल माणशी महिन्याला अर्धा किलो, जास्तीत जास्त पाऊण. हे तोंडाने म्हणून होत नाही, आठवड्याचं तेल वेगळ्या किटलीत काढून ठेवायचं आणि ते संपलं की संपलं, मग हात आपोआप आखडतो. दुधाची साय रोज साठवायची, आठवड्यातून एकदा विरजण लावून घुसळायचं, तूपही होतं आणि ताकही. अंडी चालत असतील तर ट्रेच आणा, एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं आणि वाढत्या मुलांसाठी एवढ्या पैशात दुसरं काही सहज मिळत नाही. चालत नसतील तर बटाट्याच्या रश्श्यात सोयाबीनच्या वड्या टाका.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. मोठ्या घरात आधी पुरुष आणि मुलं जेवतात, शेवटी बायका बसतात आणि तोपर्यंत उसळ संपलेली असते, खाली रस्सा आणि भाकरीचा तुकडा राहतो. आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, सरकारी सर्व्हेतच ते आलंय, आणि त्याच्या कारणांमधलं एक कारण असं रोज स्वयंपाकघरात घडत असतं. म्हणून वाढायला घेण्याआधीच प्रत्येकाचा वाटा वेगळा काढा, पातेल्यात मागे काय उरेल त्यावर सोडू नका. सगळ्यांनी एकत्र बसावं हे तर सगळ्यात चांगलं, सासूबाईंनी मनावर घेतलं की होतं ते. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही, तासभर थांबायचं, चहाने अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं.

राहिली संध्याकाळची पाचची भूक, बिस्किटांचे पुडे फुटतात ते याच वेळेला. त्यासाठी शेंगदाणा-गुळाचे लाडू, चुरमुऱ्याचं भडंग आणि थालीपिठाची भाजणी कायम घरात असू द्या. भाजणीचं आमचं माप असं: ज्वारी 1 किलो, बाजरी, तांदूळ आणि हरभरा डाळ अर्धा-अर्धा किलो, उडीद पाव किलो, धने 2 वाट्या, जिरं अर्धी वाटी. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचा, एकत्र टाकलं तर बारीक जळतं आणि जाड कच्चं राहतं. पूर्ण गार करून गिरणीत जरा जाडसरच दळून आणा, आणि गव्हावर दळून द्या असं सांगा, मिरची-मसाल्यावर दळलं तर मुलं तोंड लावत नाहीत. पीठ मळताना कांदा, कोथिंबीर आणि आदल्या दिवशीची उरलेली आमटी किंवा उसळ घाला, मग पाणी फारसं लागतच नाही.