टीएफटीपीवर स्विचचा बॅकअप जात नाहीये? आधी एरर नीट वाचा

स्विच-राउटरची कॉन्फिग (सेटिंगची फाईल) टीएफटीपीवर (नेटवर्कवरून फाईल पाठवायचा साधा प्रोटोकॉल) टाकायची म्हटलं की काम दोन मिनिटांचं असतं, पण अडकलं की अख्खी दुपार जाते, आणि जाते ती बहुतेक वेळा चुकीच्या टोकाला शोधत बसल्यामुळे. सर्व्हर रीस्टार्ट कर, फायरवॉल बंद कर, केबल बदल, असं सगळं एकदम करण्यापेक्षा स्विचच्या स्क्रीनवर काय आलंय ते वाचा, कारण तिथे मुळात दोनच प्रकार असतात, एक तर उत्तरच येत नाहीये किंवा उत्तर आलंय पण ते 'नाही' असं आहे. सिस्कोवर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी' दिल्यावर उद्गारचिन्हं उमटली तर डेटा जातोय, नुसते टिंब टिंब येऊन शेवटी 'टाइम्ड आउट' आलं तर लफडं रस्त्यात आहे (किंवा सर्व्हर ऐकतच नाहीये), आणि 'परमिशन डिनाइड' किंवा 'नो सच फाईल' आलं तर नेटवर्क ठणठणीत आहे, आता फायरवॉलला हात लावू नका, सर्व्हरच्या सेटिंगकडे जा.

आधी टाइम आउट बघू. टीएफटीपी चालतो यूडीपी 69 वर (यूडीपीत टीसीपीसारखी आधी जोडणी होत नाही), म्हणजे टेलनेट मारून पोर्ट उघडा आहे का ते बघायची सवय इथे कामाची नाही, टेलनेट टीसीपीवर जातो. लिनक्सवर 'एसएस' कमांडने यूडीपीचे ऐकणारे पोर्ट बघा, विंडोजवर 'नेटस्टॅट' ने, 69 कुणी धरलाय आणि कुठल्या आयपीवर धरलाय ते दिसेल. लॅपटॉपवर टीएफटीपीडी64 (विंडोजचा टीएफटीपी सर्व्हर) लावला असेल तर वरच्या ड्रॉपडाउनमध्ये वायफायचा आयपी निवडलेला आणि केबल मात्र स्विचमध्ये, हा प्रकार इतका कॉमन आहे की मी तरी सगळ्यात आधी तेच विचारतो. त्यात विंडोजने नवीन नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलेलं असतं, मग फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रॅमला पब्लिकसाठीपण परवानगी द्यावी लागते. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल तर नेटवर्क नॅटवर (मशीन लॅपटॉपच्या आयपीमागे लपतं) नको, ब्रिजवर (मशीनला स्वतःचा आयपी मिळतो) हवं.

पिंग होतंय म्हणून खूश होऊ नका. स्विचला चार-पाच व्हीलॅनचे (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) आयपी असतील तर तो बाहेर पडताना जो इंटरफेस वापरेल त्याचाच आयपी लावतो आणि सर्व्हरच्या बाजूच्या एसीएलमध्ये (कुणाला परवानगी त्याची यादी) नेमका तो नसतो. मॅनेजमेंटचा आयपी सोर्स म्हणून देऊन पिंग करा, आणि तसं चालत असेल तर 'आयपी टीएफटीपी सोर्स-इंटरफेस' ने तो कायमचा बांधून टाका. मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबल) असलेल्या मॉडेलवर तर हे करावंच लागतं, नाहीतर स्विच ग्लोबल टेबलमध्ये रस्ता शोधत बसतो आणि तुम्ही सर्व्हरला शिव्या घालत बसता.

आता खरी गंमत. पहिली रिक्वेस्ट 69 वर येते पण सर्व्हर उत्तर 69 वरून देत नाही, तो नवीनच एक पोर्ट उघडतो आणि पुढचं सगळं बोलणं त्या पोर्टवर चालतं, प्रोटोकॉलच तसा लिहिलाय (आरएफसी 1350, साल 1992). तुम्ही कंपनीच्या मेन नंबरला फोन केला आणि उलटा फोन कुणाच्यातरी मोबाईलवरून आला तर अनोळखी नंबर म्हणून कट करता ना, मधला फायरवॉल तेच करतो. म्हणून '69 तर उघडलाय की' हे वाक्य अर्धंच खरं असतं. फायरवॉलवर टीएफटीपीचं इन्स्पेक्शन किंवा हेल्पर (तो नवीन पोर्ट ओळखून जाऊ देणारी सोय) चालू पाहिजे. मधला फायरवॉल लिनक्सचा असेल तर कॉनट्रॅकचा (चालू जोडण्यांची नोंद ठेवणारा भाग) टीएफटीपी मॉड्यूल लागतो आणि नवीन कर्नलमध्ये तो आपोआप कामाला लागत नाही, नियम लिहून लावावा लागतो. फायरवॉलडी (लिनक्सचा फायरवॉल सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर नुसता पोर्ट न उघडता 'टीएफटीपी' ही सर्व्हिसच ॲड करा, हेल्पर तिच्यासोबत येतो.

हे पकडायला सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावा, पण फिल्टर 'पोर्ट 69' नको, कारण मग फक्त पहिलं पॅकेट दिसेल, फिल्टर स्विचच्या आयपीवर लावा आणि सोबत यूडीपी. काहीच दिसलं नाही तर पॅकेट पोचतच नाहीये. रिक्वेस्ट परत परत येतेय, सर्व्हर दर वेळी वेगळ्या पोर्टवरून उत्तर देतोय आणि स्विच पुढे सरकत नाहीये, असं दिसलं तर उत्तर वाटेत मरतंय, नेटवर्कवाल्याला हा कॅप्चर पाठवा, वाद घालायची गरज पडत नाही.

आता नकाराची बाजू. उबुंटू-डेबियनवर टीएफटीपीडी-एचपीए हा सर्व्हर असेल तर तो मुळात नवीन फाईल बनवूच देत नाही, आधीपासून असलेल्या आणि सगळ्यांना लिहिता येईल अशा फाईलवरच लिहू देतो. त्यामुळे आपण फाईल पाठवतोय आणि एरर येते 'फाईल सापडली नाही', माणूस चक्रावतो. उपाय म्हणजे ऑप्शन्समध्ये सिक्युअरच्या शेजारी 'क्रिएट' घाला, फोल्डरची मालकी टीएफटीपी युजरला द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. सिक्युअर चालू असताना सर्व्हरसाठी तो फोल्डर हाच रूट असतो, म्हणून स्विचवर पूर्ण पाथ टाकू नका, फक्त फाईलचं नाव. रेड हॅट घराण्यातली मशीन असेल, परवानग्या सगळ्या बरोबर असतील आणि तरी 'परमिशन डिनाइड' येत असेल तर कारण एसईलिनक्स (लिनक्सची परवानग्यांपलीकडची जादा सुरक्षा). थोडा वेळ ते परमिसिव्ह (अडवत नाही, फक्त नोंद करतं) करून बघा, चाललं तर कारण कळलं, मग फोल्डरला टीएफटीपीचं लिहिण्याचं लेबल द्या आणि एन्फोर्सिंग परत चालू करा, तसंच सोडून घरी जाऊ नका. आणि डीएनएसमास्कमधला (छोटा डीएनएस-डीएचसीपी सर्व्हर) टीएफटीपी वापरत असाल तर शोधणं थांबवा, तो फक्त वाचायला देतो, त्याच्यावर अपलोड होतच नाही, कितीही परवानग्या द्या.

बॅकअप सुरू होऊन मध्येच थांबत असेल तर डिस्क भरलीय का बघा, मग ब्लॉक साईझ. मूळ ब्लॉक 512 बाइटचा आणि प्रत्येक ब्लॉकची पोच आल्याशिवाय पुढचा जात नाही, म्हणून 50 मिलीसेकंदच्या लिंकवर सेकंदाला साधारण 10 केबीच जातात. कॉन्फिगला तेवढं चालतं. कुणी ब्लॉक साईझ 8192 करून ठेवली असेल आणि वाटेत व्हीपीएन फ्रॅगमेंट टाकून देत असेल तर छोट्या फाईल जातात आणि मोठ्या अडकतात, तिथे साईझ खाली आणा. पूर्ण आयओएस इमेजचा (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टम) बॅकअप मात्र टीएफटीपीवर घेऊच नका असं माझं मत, ब्लॉकचा नंबर 16 बिटचा आहे, 512 च्या हिशोबाने 32 एमबीला तो संपतो, पुढे काही सर्व्हर शून्यापासून मोजतात, काही हात वर करतात. एससीपी (एसएसएचवरून फाईल पाठवणं) वापरा.

फाईल आली की तिची साईझ बघा, झिरो बाइटच्या फाईलला बॅकअप म्हणणारे लोक आहेत, आणि सिस्कोची असेल तर शेवटच्या ओळीत 'एंड' आहे का तेपण बघा. टीएफटीपीला पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, आणि कॉन्फिगमध्ये एसएनएमपीची कम्युनिटी (उपकरणावर नजर ठेवायच्या प्रोटोकॉलचा पासवर्डसारखा शब्द) आणि टाइप 7 चे (सिस्कोचे कच्चे झाकलेले) पासवर्ड असतात जे कुणीही उलटे काढू शकतो, त्यामुळे 69 फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनला उघडा, आणि क्रिएट चालू असेल तर रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय) आलेल्या फाईली त्या फोल्डरमधून दुसरीकडे हलवा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच नावाने अर्धवट फाईल आली की जुनी चांगली कॉपीपण गेली.