या चुका टाळा: काट्याचं मल्टिमीटर वापरताना

काट्याचं मीटर शिकायला आलेल्या पोराची नजर आधी काट्यावर जाते. काटा हलला की तो खूश, नाही हलला की "सर, मीटर खराब आहे." नॉब कुठे आहे आणि डायलवरची कुठली ओळ वाचायची, याचा विचार नंतर. मोटारींची कामं करताना आणि पोरांना शिकवताना ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्यातल्या बहुतेक या उलट्या क्रमातूनच होतात. आपल्याकडे दुकानांत आणि वर्कशॉपमध्ये सर्रास दिसणारं छोटं मीटर सॅनवाच्या ३६० मॉडेलच्या धर्तीचं असतं. त्याच्याच रेंज धरून लिहितोय.

एसी मोजायचाय आणि नॉब डीसीवर

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो, कारण हिच्यात धूर निघत नाही, आवाज होत नाही, मीटरलाही काही होत नाही. नॉब डीसी २५० वर आहे आणि पिना घातल्या घरच्या सॉकेटमध्ये. आपला ५० हर्ट्झचा एसी काट्याला जेवढा उजवीकडे ढकलतो तेवढाच लगेच डावीकडे ओढतो, त्यामुळे काटा शून्यावर किंचित थरथरतो, कधी तेवढंही नाही. बघणारा म्हणतो, "लाइट नाहीये," आणि वायरला हात घालतो. सॉकेटमध्ये २३० व्होल्ट तसेच असतात.

माझी सवय साधी आहे. ज्या सॉकेटवर दिवा नक्की लागतोय तिथे आधी मीटर लावून काटा २३० च्या आसपास जातोय हे बघतो. मग कामाच्या जागी मोजतो. तिथे शून्य आलं तर पुन्हा पहिल्या सॉकेटवर जाऊन मीटर अजून बरोबर दाखवतंय ना ते बघतो. पोरांना याचा कंटाळा येतो. मी मात्र यात कुणालाच सूट देत नाही.

उलटी चूक कमी धोक्याची, पण डोकं फिरवणारी आहे. १२ व्होल्टची बॅटरी एसी ५० च्या रेंजवर मोजली तर या धर्तीच्या मीटरवर पिना एका बाजूने लावल्यावर काटा २६ च्या आसपास जातो आणि उलट लावल्यावर शून्यावर राहतो. आतला डायोड अर्धीच लाट जाऊ देतो आणि स्केल त्या हिशोबाने आखलेलं असतं, म्हणून असं होतं. बॅटरीत काही दोष नसतो.

"लाइट गेलीये" म्हणून ओहमवर मोजणं

ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःच्या सेलवर चालतं. बाहेरचा करंट तिथे येताच कामा नये. हे पोरांना तोंडपाठ असतं, तरी चूक होते, कारण लाइट जाणं आणि लाइट बंद करणं त्यांना एकच वाटतं.

राहुरी तालुक्यातल्या एका विहिरीवर पाच एचपीच्या मोटारीचा स्टार्टर पकडत नव्हता. लोडशेडिंग चालू होतं. माझ्यासोबतचा पोरगा हुशार, पण घाईचा. मी केबल बघायला विहिरीकडे गेलो तेवढ्यात त्याने पेटी उघडली आणि मीटर ×१० ओहमवर (वाचलेला आकडा गुणिले दहा) ठेवून स्टार्टरच्या कॉइलवर पिना धरल्या. मेन स्विच वरच होता. पेटीत ऑटो स्विच बसवलेला होता आणि तोही चालू. रात्री-अपरात्री लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी तो बसवतात. लाइट आली. पेटीवरचा इंडिकेटर लागलेला मी लांबून बघितला आणि ओरडलो, पण पोराचं लक्ष काट्यावर. ऑटो स्विचची वेळ भरली आणि कॉइलवर, म्हणजे त्याच्या पिनांवर, ४१५ व्होल्ट आले. फट् असा आवाज झाला, मीटरच्या खालच्या कडेतून काळा धूर आला आणि त्याच वेळी मोटारही सुरू झाली.

पोराला काही झालं नाही. पिनांचं इन्सुलेशन धड होतं आणि बोटं पिनांवरच्या कडीच्या मागे होती. मीटर उघडलं तर आतला रेझिस्टर कोळसा झालेला, बोर्डवरची तांब्याची पट्टी उडालेली आणि काटा उजवीकडच्या टोकाला आपटून वाकलेला. फ्यूजच्या जागी कुणीतरी आधीच वायरची तार गुंडाळून ठेवली होती. दहा-वीस रुपयांच्या फ्यूजसाठी असा जुगाड करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. ४१५ व्होल्टपुढे तो छोटा काचेचा फ्यूज सगळं वाचवेलच असं नाही, पण तार तर काहीच वाचवत नाही. आणि मेन पॅनलवर रोज काम असेल तर कॅट ३ (मीटरच्या सुरक्षिततेचा दर्जा) लिहिलेलं चांगलं मीटर घ्या, हे स्वस्तातलं तिथे नेऊ नका.

त्या दिवसापासून माझ्याबरोबर येणाऱ्याने क्रम मोडायचा नाही: मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात, ऑटो स्विच बंद, मग एसी १००० वर मोजून तिन्ही फेजमध्ये काही नाही याची खात्री, आणि शेवटी नॉब ओहमवर. फ्यूज खिशात असले की दुसरं कुणी येऊन स्विच वर करेल ही भीतीही राहत नाही.

चुकीच्या रेंजवर चांगली मोटार "शॉर्ट" ठरवणं

पाच एचपीच्या सबमर्सिबलच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स दोन फेजमध्ये जेमतेम चार-पाच ओहम भरतो. नॉब ×१के वर, म्हणजे गुणिले हजारवर, ठेवून पिना लावल्या तर काटा सरळ शून्यावर जाऊन बसतो. शिकाऊ गडी सांगतो, "तात्या, वाइंडिंग जळालं." मग मोटार विहिरीतून वर काढायची, ट्रॅक्टरवर घालून गावात आणायची, आणि रिवाइंडिंगचा खर्च वेगळा. अशी वर आणलेली मोटार मी ×१ वर मोजली. तिन्ही जोड्यांना सारखा आकडा आला. दोष वरच्या केबलच्या जॉइंटमध्ये होता.

तीन फेजच्या मोटारीत तिन्ही जोड्या सारख्या भरतात का हे आधी बघायचं, आकडा किती हे नंतर. एक जोडी कमी भरली तर शंका घ्या. वाइंडिंगमधून बॉडीला करंट गळतोय का, हे मात्र या मीटरने ठरवू नका. ९ व्होल्टच्या बॅटरीला ओलसर इन्सुलेशन सापडत नाही, त्याला ५०० व्होल्टचा मेगरच, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटरच, लागतो.

ओहमचं स्केल उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं आणि डावीकडे जाऊ तसे आकडे दाटत जातात, कारण रेझिस्टन्स वाढत जाईल तसा करंट कमी-कमी फरकाने घटत जातो. म्हणून काटा मधल्या भागात येईल अशी रेंज निवडा. डाव्या टोकाच्या गर्दीत काटा असताना "दोन हजार आहे का तीन हजार" यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि रेंज बदलली की दर वेळी पिना एकमेकींना टेकवून झिरो करा, म्हणजे झिरोचा छोटा नॉब फिरवून काटा ओहमच्या शून्यावर आणा. एकदा केलं म्हणजे दिवसभर झालं, असं चालत नाही.

ओळ कुठली वाचायची

व्होल्टच्या खाली तीन ओळी असतात: १०, ५० आणि २५०. नॉब १००० वर असेल तर १० ची ओळ वाचून शंभराने गुणायचं. सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असताना १००० च्या रेंजवर काटा १० च्या ओळीत २.३ वर येतो, पण त्याच जागी २५० च्या ओळीत ५७ दिसतात. "सर, ५७ व्होल्ट आलेत" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! आकडा डोळ्यांनी वाचा आणि डोक्याने विचारा की हे शक्य आहे का. एसी १० ची बऱ्याच मीटरांवर वेगळी लाल ओळ असते, ती त्याच रेंजसाठी आहे.

मोजायला सुरुवात नेहमी सगळ्यात मोठ्या रेंजपासून. मग खाली या.

आता बाकीच्या भराभर. करंटच्या रेंजवर पिना बॅटरीच्या किंवा सॉकेटच्या दोन टोकांना लावू नका. करंट मोजताना मीटर लाइनच्या मध्ये येतं आणि ३६० च्या धर्तीच्या मीटरला एसी ॲम्पिअरची रेंजच नसते, तिथे टॉंग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) वापरा. डायलवर आरसा असेल तर काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आल्यावरच वाचा. ओहमवर काळी पिन प्लस असते, त्यामुळे डायोड तपासताना काळी पिन पट्टा नसलेल्या बाजूला लावल्यावर काटा हलला पाहिजे. पंख्याचा कॅपॅसिटर तपासण्याआधी डिस्चार्ज करा. ×१०के वर दोन्ही पिनांचे धातू बोटांत धरू नका, तुमच्या अंगाचाच रेझिस्टन्स मोजला जातो.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांसाठी एक खास. १० व्होल्टच्या सप्लायवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक लावले तर मध्ये ५ व्होल्ट यायला हवेत. २० किलोओहम प्रति व्होल्टचं मीटर (१० च्या रेंजवर स्वतःचा रेझिस्टन्स २०० किलोओहम) १० च्या रेंजवर तिथे ४ दाखवतं, ५० च्या रेंजवर पावणेपाच. मीटर स्वतः करंट ओढतं म्हणून हा फरक पडतो. रेंज बदलल्यावर उत्तर बदललं तर रेझिस्टर बदलायला धावू नका.

झिरो होत नसेल तर कुठल्या रेंजवर होत नाही ते बघा. फक्त ×१०के वर अडत असेल तर ९ व्होल्टची बॅटरी उतरली. ×१ वर अडत असेल तर दोन पेन्सिल सेल बदला. तिथे पिना टेकवल्या की दीडशे मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट जातो, म्हणून त्या टेकवून गप्पा मारत बसू नका. आणि महिनाभर मीटर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, फुटलेल्या सेलचं पाणी पट्ट्या खातं.