स्वस्तातला गिटार ॲम्प घेण्याआधी

ॲम्प (गिटारीचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) बघायला नागपूर-अमरावतीला निघालात, तर गिटार आणि केबल आपलीच न्या. दुकानातल्या भारी गिटारीवर कोणताही ॲम्प गोडच वाजतो! डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करणारी सोय) बंद ठेवा. क्लीन चॅनेलवर, म्हणजे साध्या स्वच्छ आवाजावर, तारा दाबून धरून आवाज हळूहळू वाढवा अन् नुसती घरघर किती येते ते ऐका. मग एकेक तार छेडा. जाड तारेवर स्पीकर फडफडला तर तो ॲम्प घेऊ नका. घरच्या सरावाला १० ते १५ वॉट पुरतात, ढोलकीसोबत नाही. हेडफोनची सोय हवीच. लाइटीचा भरवसा नसेल तर बॅटरीवरही चालणारा बघा. आणि घरी सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. ते नसेल तर घरघर वाढते, तारांना हात लागताच झटकाही बसू शकतो.