मॉडेल विमानाच्या कव्हरिंगवर मॅट फिनिश: या चुका टाळा

स्केल मॉडेल (खऱ्या विमानाची प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती) कितीही मापात बांधलेलं असलं तरी पंखावर चकचकीत फिल्म दिसली की ते खेळणं वाटतं. ती चकाकी मारायला बहुतेक जण थेट मॅट स्प्रेचा डबा उचलतात, आणि तिथूनच बिघडायला सुरुवात होते.

इस्त्रीने चिकटवायची कव्हरिंग फिल्म बहुतेक वेळा पॉलिएस्टरची असते. तिचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की रंगाला धरायला काही मिळत नाही. तसाच रंग मारला तर मास्किंग टेप काढताना तो पापुद्र्यासारखा निघून येतो. आधी स्कॉच-ब्राइटच्या बारीक पॅडने किंवा 600 नंबरच्या वॉटरपेपरने ओलं करून हलक्या हाताने घासा. चमक जाऊन पृष्ठभाग एकसारखा धुरकट झाला की थांबा. रिब आणि स्ट्रिंगरच्या (फिल्मखालच्या सांगाड्यातल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या) कडांवर अजिबात जोर देऊ नका, फिल्म तिथेच फाटते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटांचं तेल नंतर रंगातून डागासारखं उमटतं.

सुरकुत्या रंगाआधीच काढा. मॉडेल थोडा वेळ उन्हात ठेवून पाहा, ढिली पडलेली जागा पुन्हा ताणून घ्या. रंगानंतर हीट गन फिरवली तर फिल्म आकसते, वरचा रंग आकसत नाही, आणि बारीक तडे जातात. यावर दुरुस्ती नाही, तो भाग नव्यानेच करावा लागतो.

सगळ्यात जास्त तक्रार पांढुरक्या झाकेची असते. तिची कारणं दोन आहेत आणि उपायही वेगळे. मॅट क्लियरमध्ये (चमक घालवणाऱ्या पारदर्शक लेपात) सिलिकाची बारीक भुकटी असते. तिच्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो आणि चमक जाते. ही भुकटी तळाशी बसते. डबा नीट हलवला नाही तर आधी चकचकीत आणि शेवटी दुधाळ फवारा येतो. थर जाड झाला तरी गडद रंगांवर पांढरेपणा दिसतो. अशा वेळी वरून ग्लॉस क्लियरचा पातळ हात द्या. खडबडीत खळगे भरले की खालचा रंग बहुधा परत दिसू लागतो. मग सॅटिनचा (मॅट आणि ग्लॉसच्या मधल्या चमकीचा) हलका हात पुरे. फिल्मऐवजी टिश्यू (पातळ कागद) वापरून त्यावर डोप (कव्हरिंग ताणून घट्ट करणारं लाखेसारखं द्रव्य) लावताना आलेला पांढरेपणा मात्र हवेतल्या दमटपणामुळे असतो. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर बाष्प जमतं. कोरड्या दिवशी रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारला की तो बहुतेक वेळा जातो.

पृष्ठभाग हाताला वाळूसारखा लागत असेल तर तुम्ही फार लांबून फवारताय. रंग वाटेतच सुकतोय.

डेकल (चिन्हांचे पातळ पारदर्शक स्टिकर) थेट मॅटवर लावू नका. खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. आधी ग्लॉस, मग डेकल, आणि शेवटी मॅट.

ग्लो इंजिन (मॉडेलचं छोटं इंधनावर चालणारं इंजिन) असेल तर इंधनातलं मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेन बरेच साधे क्लियर विरघळवतात. टू-पार्ट (दोन भाग मिसळून वापरायचं) पॉलियुरेथेन घ्या. तेही पूर्ण मुरल्यावर एका तुकड्यावर इंधनाची चिंधी ठेवून तपासा. इलेक्ट्रिक मॉडेलला ही चिंता नाही. पण आत थर्माकोल असेल तर सॉल्व्हंटचा स्प्रे एखाद्या छिद्रातून शिरूनही तो वितळवतो.

वजनाकडे फार कमी जण बघतात. शेपटीत 10 ग्रॅम रंग वाढला तर तोल साधायला नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट वजन घालावं लागू शकतं. शेपटीवर सगळ्यात पातळ हात द्या आणि रंगानंतर सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे मॉडेलचा तोलबिंदू) पुन्हा तपासा.

आणि खडूसारखा कोरडा मॅट करू नका. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं डोप केलेलं लिननसुद्धा मंद चमकायचं. मला स्वतःला सॅटिनकडे झुकणारा मॅटच खरा वाटतो. मूळ विमानाचे फोटो समोर ठेवा, इंजिनाजवळचा तेलकट भाग थोडा चमकदार राहू द्या, आणि मॉडेल कापडाने घासून पुसू नका: घासलेल्या जागी मॅट पुन्हा चमकू लागतो.