हापशावरचा कट्टा कलाकृती म्हणून उभारताना

१९९७ पासून बस्तरमध्ये काम करणाऱ्या मुंबईच्या चित्रकार नवजोत अल्ताफ यांनी छत्तीसगडमधील कोंडागाव परिसरात राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेस्सूराम विश्वकर्मा या स्थानिक कलावंतांबरोबर हापशांभोवती जे ‘नलपार’, म्हणजे कट्टा आणि भिंती असलेली बांधकामे, उभारले, त्यांत भरलेले भांडे खांद्यावर वा डोक्यावर घेण्यापूर्वी मध्येच टेकवता यावे, अशी जागा बांधकामातच ठेवली आहे. (‘पार’ हा शब्द मराठी कानाला लगेच आपला वाटतो.) असे काम आपल्या गावात करायचे असेल, तर चित्रांची वही सुरुवातीचे काही दिवस मिटलेलीच ठेवावी.

पाणी भरण्याच्या वेळी हापशाजवळ बसून नुसते पाहावे. १५ लिटरचा हंडा भरला की पाण्याचेच वजन १५ किलो होते. तो उचलताना बाई आधी वाकते, हंडा गुडघ्यावर घेते, मग दुसरीच्या हाताने चुंबळीवर चढवते आणि दुसरी कोणी नसेल तर वाट पाहत उभी राहते. कट्टा हवा तो नेमका गुडघा आणि डोके यांच्यामधल्या या टप्प्यावर. त्याची उंची कलावंताने ठरवू नये. सिमेंट न लावता विटा रचाव्यात, त्यांवर भरलेला हंडा ठेवून पाहायला सांगावे आणि एकेक वीट कमी-जास्त करत राहावे. उंच बाई, ठेंगणी बाई आणि कळशी नेणारी शाळकरी मुलगी यांचे एकमत होणे कठीण, म्हणून दोन उंचींचा कट्टा बहुधा सोयीचा ठरतो.

भिंत चढवण्यापूर्वी हापसा दुरुस्त करणाऱ्याला जागेवर बोलवावे. नेमके हेच राहून जाते. ‘इंडिया मार्क २’ या प्रकारच्या हातपंपाचे जमिनीखालचे, सुमारे ३ मीटर लांबीचे पाइप दुरुस्तीसाठी सरळ वर ओढून काढावे लागतात, त्यामुळे हापशावर छत किंवा कमान घातली, तर पहिल्याच मोठ्या बिघाडात ती फोडण्याची वेळ येते. दांड्याला मोकळी जागा, ओट्याला उतार, सांडपाण्याला परसबागेकडे जाणारी चर आणि ग्रामपंचायतीची लेखी परवानगी, एवढे आधीच पाहून घ्यावे.

नक्षीचे काम सर्वांत शेवटी घ्यावे आणि ती कोणती असावी, हे रोज पाणी भरणाऱ्यांनाच ठरवू द्यावे. कट्ट्याच्या वरच्या बाजूला मात्र उठावाचे काम करू नये. गावातल्या हंड्यांचे बूड गोलसर असेल, तर तिथे उथळ खळगा ठेवावा, म्हणजे भरलेला हंडा कलंडत नाही.