बांधकामाचं वेळापत्रक कुठे कोसळतं: या चुका टाळा

साइट ऑफिसच्या भिंतीवर रंगीत बार चार्ट असतो आणि त्यावरची छपाईची तारीख चार महिने जुनी असते. दोन मजली बंगला असो की बारा मजली इमारत, हे दृश्य ठरलेलं. काम लांबलं की खापर पावसावर फुटतं, नाहीतर ठेकेदारावर. दोघेही अगदी धुतल्या तांदळाचे नसतात हे खरं. पण बरीच गडबड पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरसमोर बसून झालेली असते. प्रत्येक कामापुढे तारीख लिहिली जाते. ते काम कोणासाठी खोळंबणार आहे, हे मात्र लिहायचं राहून जातं.

तारखा टाइप करण्याची खोड

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हा वेळापत्रक बनवायचा प्रोग्रॅम वापरणारे बहुतेकजण एक्सेलवरून आलेले असतात, त्यामुळे ‘स्टार्ट’च्या रकान्यात सरळ तारीख ठोकतात. प्रोग्रॅम त्या जागी ‘स्टार्ट नो अर्लियर दॅन’ ही अट बसवतो, म्हणजे या तारखेआधी काम सुरू करायचंच नाही. ‘फिनिश’मध्ये तारीख टाकली तर तशीच अट शेवटाला लागते. अशा पन्नास अटी बसल्या की वीटकाम आठवडाभर आधी आटोपलं तरी प्लास्टर जागचं हलत नाही. त्यात 2010 च्या आवृत्तीपासून नवं काम मुळातच ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ म्हणून येतं, म्हणजे आधीचं काम सरकलं तरी त्याची तारीख जिथल्या तिथे.

उपाय सोपा आहे. आधी सगळी कामं ‘ऑटो शेड्यूल्ड’ करा. मग ‘कन्स्ट्रेंट टाइप’ हा रकाना उघडा आणि ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ सोडून जे काही दिसेल त्याचं कारण सांगता येतं का ते बघा. कारण नसेल तर अट काढून टाका. पहिलं आणि शेवटचं सोडून प्रत्येक कामाच्या मागे-पुढे दुसरं काम जोडलेलं हवं. तपासायचं असेल तर पायाच्या खोदाईला मुद्दाम 10 दिवस वाढवून पाहा. शेवटची तारीख तसूभरही हलली नाही, तर तो चार्ट फक्त भिंतीच्या शोभेचा आहे.

काँक्रीटला रविवारची सुट्टी

ही चूक इतकी बारीक आहे की अनुभवी माणसाच्या नजरेतूनही सुटते. ‘आयएस 456’ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटच्या स्लॅबचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस ठेवायचे असतात. बीमचे 6 मीटरपर्यंत 14 आणि पुढे 21. दुसऱ्या जातीचं सिमेंट असेल तर हे दिवस त्या मानाने बदलतात. पाणी मारायचं किमान 7 दिवस, आणि बाजारात सर्रास मिळणारं पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) असेल तर किमान 10.

हे सगळे दिवस घड्याळाचे आहेत, हजेरीचे नाहीत. प्रोग्रॅमचं मूळ कॅलेंडर मात्र सोमवार ते शुक्रवार चालतं. त्यात ‘14 डी’, म्हणजे कामाचे 14 दिवस, लिहिलं की सोमवारी सुरू झालेलं काम तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी संपतं, म्हणजे 18 दिवस. प्रत्येक मजल्याला असे चार दिवस फुकट गेले की वेळापत्रक उगाच फुगतं, आणि साइटवरचे लोक एकदा त्याला हसले की परत त्याकडे बघत नाहीत. अशा कामाला ‘डी’ऐवजी ‘ईडी’ हे एकक द्यायचं. मग शनिवार-रविवारही धरले जातात. उरलेल्या कामांसाठी सहा दिवसांचं कॅलेंडर बनवा आणि त्यात दिवाळी, होळी, छठ घाला. मजूर गावी जाणार हे आपल्याला ठाऊक असतं. चार्टला ते सांगावं लागतं.

काहीजण पाणी मारणं वेगळं काम म्हणून न दाखवता दोन कामांमधला ‘लॅग’, म्हणजे नुसती थांबण्याची मुदत, म्हणून टाकतात. ते मला पटत नाही. लॅग कुणाच्याच नावावर नसतो, आणि पाणी मारायला कोणीतरी पाइप हातात धरावा लागतो.

फ्लोट दिसतो तेवढा नसतो

शेवटची तारीख न हलवता एखादं काम जितके दिवस पुढे ढकलता येतं, ती सवड म्हणजे फ्लोट. जिथे अशी सवड अजिबात नसते ती कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. ही साखळी शोधायची पद्धत 1957 च्या सुमारास ड्युपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकन कंपन्यांच्या माणसांनी घडवली. कोण कोणासाठी थांबलंय हेच त्या पद्धतीचं मर्म. पण तिच्या साध्या हिशोबात माणसं मोजलेली नसतात, आणि फसगत तिथेच होते.

एका फ्लॅटचं बाथरूम घ्या. भिंतीत झिरी मारून पाइप टाकणे 3 दिवस, प्रेशर टेस्ट 1, वॉटरप्रूफिंग 3, पाणी साठवून गळती बघणे 2, टाइल्स 4. एकूण 13. त्याच फ्लॅटमधला किचनचा ओटा 4 दिवसांचा, आणि तो बाथरूमवर अवलंबून नाही. चार्ट म्हणतो ओट्याला 9 दिवसांचा फ्लोट आहे, दहाव्या दिवशी सुरू केला तरी चालेल. इंजिनिअर निवांत आठव्या दिवशी सुरू करतो. पण ओटा आणि टाइल्स लावणारा मिस्त्री एकच! तो अकराव्या दिवसापर्यंत ओट्यात अडकतो, बाथरूम दहाव्या दिवसापासून वाट बघत बसतं आणि फ्लॅट पंधराव्या दिवशी मिळतो. मिस्त्री हिशोबात धरला असता तर ओटा सहाव्या दिवशीच सुरू करायला हवा होता. खरा फ्लोट 5 दिवसांचा.

सगळ्यांना ‘रिसोर्स’ नेमत बसलात तर फाइल सांभाळणं हेच एक काम होऊन बसेल. ज्यांची चणचण असते त्यांनाच नेमा: टाइल मिस्त्री, वॉटरप्रूफिंगची टीम, सेंट्रिंगचं साहित्य. बिगाऱ्यांना नको.

‘नव्वद टक्के झालं साहेब’

प्लास्टर किती झालं? नव्वद टक्के. पुढच्या आठवड्यात? पंच्याण्णव. टक्के विचारले की अंदाज मिळतो, आणि तो नेहमी विचारणाऱ्याला खूश करणारा असतो. त्याऐवजी ‘किती चौरस मीटर उरलं आणि किती दिवस लागतील’ असं विचारा. छोट्या कामांना टक्के देऊच नका: झालं तर 100, नाहीतर 0. प्रेशर टेस्ट अर्धी पास होत नसते.

बेसलाइनबद्दल, म्हणजे तुलनेसाठी जपून ठेवलेल्या मूळ तारखांबद्दल, थोडक्यात. काम सुरू व्हायच्या आधी ‘सेट बेसलाइन’ करा आणि मग तिला हात लावू नका. उशीर झाला की मूळ तारखाच बदलून टाकणारे कमी नाहीत. मग वर्षअखेरीला सगळं वेळेवर झालेलं दिसतं, फक्त इमारत उभी नसते.

माणसं वाढवा म्हणजे होईल

प्लास्टरला आणखी दोन गवंडी लावले तर वेग वाढतो, पण परांची आणि मालाची लिफ्ट तीच राहिली तर तेही खाली वाट बघत बसतात. 1.2 बाय 2 मीटरच्या बाथरूममध्ये दोन टाइल मिस्त्री मावत नाहीत. माणसं वाढवण्याआधी ते काम क्रिटिकल पाथवर आहे का, हे बघा. नसेल तर मजुरी वाढेल आणि ताबा मिळायची तारीख होती तिथेच राहील.

मालकाचे निर्णय चार्टमध्ये नसणे

टाइलचा रंग, दरवाजाची उंची, गिझर कुठे, ही चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते आणि शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते. निर्णयांसाठी एक साधी शीट ठेवा: काय ठरलं, कोणी ठरवलं, कधी. आणि जे ठरायचं आहे ते वेळापत्रकात काम म्हणूनच घाला. ‘मालकाने टाइल निवडणे, 5 दिवस’, त्यापुढे ‘माल येणे’, त्यापुढे ‘टाइल लावणे’, तिन्ही एकमेकांना जोडलेले. पुढच्या मीटिंगला ती ओळ लाल झालेली मालकाला दाखवा. दुकानात जायला त्यांना बहुधा त्याच रविवारी वेळ मिळतो.