चुन्याची निवळी आणि तिसऱ्यांचे शिंपले: समुद्राचं आम्लीकरण वर्गात कसं दाखवावं

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या शाळेत समुद्राचं आम्लीकरण शिकवायचं म्हटलं की हाताशी एक सोपा प्रयोग असतो. शिंपला व्हिनेगरात टाकायचा, बुडबुडे दाखवायचे आणि समुद्रात असंच चाललंय म्हणून सांगायचं. कृपा करून एवढ्यावर थांबू नका, कारण मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसतं. व्हिनेगरचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) 3 च्या आसपास असतो आणि समुद्राच्या वरच्या थराचा साधारण 8.1, म्हणजे आम्लतेत लाखपटीचा फरक. समुद्र आम्लधर्मी झालेला नाही. तो अजून अल्कधर्मीच आहे, पण आम्लाच्या बाजूला सरकतोय. कारखानदारीच्या युगाआधी तो 8.2 च्या जवळ होता. पीएचची पट्टी दहाच्या पटीने चालते, म्हणून 0.1 ची घसरणसुद्धा हायड्रोजन आयनांत सुमारे 26 टक्के वाढ करते.

खरी अडचण कवचाच्या कच्च्या मालाची आहे. माणूस हवेत सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि ते तिथल्या कार्बोनेटचं बायकार्बोनेट करून टाकतं. तिसऱ्या, कालवं, प्रवाळ यांचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं. कार्बोनेट कमी पडलं की तेच कवच घडवायला जिवाला जास्त शक्ती खर्चावी लागते. ही देवाणघेवाण डोळ्यांनी दिसते ती चुन्याच्या निवळीत.

पानपट्टीवर मिळणारा बिनवासाचा पांढरा चुना सुपारीएवढा घ्या. काचेच्या बाटलीत एक लिटर आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी भरा, चुना घालून हलवा, बूच घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी गाळ न ढवळता दुसऱ्या बाटलीत काढून घ्या. बूच सैल राहिलं तर हवेतल्याच कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते आणि निवळीचा जोर जातो. चुना डोळ्याला इजा करतो, त्यामुळे ओतायचं काम शिक्षकांनीच करावं आणि जवळच्या मुलांना चष्मा द्यावा.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच प्रयोग फसतो: निवळी विरळ करायची. 20 मिली निवळीत 180 मिली तेच शुद्ध, गार पाणी घाला. निवळी विरळ न करता वापरली तर पांढरा साका इतका होतो की श्वासातल्या चारेक टक्के कार्बन डायऑक्साइडने तो पुन्हा विरघळणं शक्यच नसतं. बोअरचं जड पाणी तर मुळीच वापरू नका. त्यात आधीच बायकार्बोनेट असतं, निवळी पडताक्षणी ते दुधाळ होतं आणि फुंकायच्या आधीच प्रयोग उरकतो.

ग्लासामागे काळा कागद लावा. स्ट्रॉच्या वरच्या टोकाजवळ टाचणीने भोक पाडा, म्हणजे कुणी चुकून ओढलं तरी पाणी तोंडात येत नाही. मुलांनी पाळीपाळीने, प्रत्येकाने अर्धा मिनिटच, सावकाश फुंकावं. एकटाच फुंकत राहिला तर त्याला चक्कर येते. थोड्याच वेळात पाण्यात धुक्यासारखी पांढरी रेघ फिरू लागते आणि ग्लास ताकाच्या निवळीसारखा दिसतो. हे झालं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपल्याचाच माल. इथे टाळ्या वाजतात, पण थांबू नका. फुंकणं चालू ठेवा. बरीच मिनिटं जातात, मग कडेपासून पाणी स्वच्छ होऊ लागतं आणि काळा कागद पुन्हा लख्ख दिसतो. तयार झालेला माल जादा कार्बन डायऑक्साइडने विरघळवला. हा क्षण मुलांना नीट बघू द्या. सगळा धडा त्यातच आहे.

साका जात नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीत एक चमचा खायचा सोडा आणि 80 मिली व्हिनेगर घालून निघणारा वायू सलाईनच्या नळीने ग्लासात सोडा. उंच बाटली घ्या. फेस नळीतून ग्लासात गेला तर पाणी व्हिनेगरने साफ होतं आणि निष्कर्ष खोटा ठरतो. स्वच्छ झालेलं पाणी उकळलं की ते परत गढूळ होतं. बंबाच्या आत बसणारा पांढरा थर हाच, हे मुलांना लगेच पटतं.

आता समुद्राचं पाणी. एक लिटर शुद्ध पाण्यात 35 ग्रॅम जाडं मीठ घाला. नुसतं मिठाचं पाणी म्हणजे समुद्र नव्हे, कारण त्यात आम्ल झेलायची ताकद नसते. त्यासाठी लिटरला 0.2 ग्रॅम खायचा सोडा लागतो. एवढं काट्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून 2 ग्रॅम सोडा 100 मिली पाण्यात विरघळवून त्यातलं 10 मिली घाला. सोडा घातलेलं आणि न घातलेलं, असे दोन ग्लास ठेवा. दोन्हींत जांभळ्या कोबीचा उकळून गार केलेला रस सारखाच टाका आणि फुंका. बिनसोड्याचा ग्लास लवकर रंग बदलतो, सोड्याचा निळा हळूहळू जांभळट होतो. 8.2 आणि 8.1 मधला फरक मात्र कोबीला किंवा कागदी पट्टीला कळत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

समुद्र आपल्यापासून लांब, असं कुणी म्हणालं तर नकाशा काढा. म्हादई खानापूर तालुक्यातच उगम पावते आणि पुढे मांडवी होऊन गोव्यात अरबी समुद्राला मिळते. बाजारात येणाऱ्या तिसऱ्या आणि कालवं घाटाखालूनच वर येतात; खाडीत वाकून ती काढणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. नैर्ऋत्य मोसमात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचं गार, कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं पाणी वर येतं, त्यामुळे तिथल्या जिवांना आधीच कठीण महिने असतात. तरी खाडीत तिसऱ्या कमी झाल्या की सगळं खापर आम्लीकरणावर फोडू नका. अतिउपसा, वाळूउपसा, सांडपाणी ही कारणं तितकीच खरी आहेत.

सगळ्यात नाजूक वय म्हणजे अळीचं. कालवाची अळी पहिलं कवच साधारण दोन दिवसांत, अंड्यातल्या शिदोरीवर रचते. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या कालवांच्या हॅचरीत (अळ्या वाढवायच्या केंद्रात) 2007 च्या सुमारास अळ्या मोठ्या प्रमाणावर मेल्या, तेव्हा तळाचं वर आलेलं असंच पाणी टाक्यांत शिरत होतं. त्यांनी पाण्याची सतत मोजणी सुरू केली, पंप दुपारी चालवले, कारण उन्हात पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतात, आणि पाण्यात धुण्याचा सोडा मिसळला. टाकीत हे जमतं, उघड्या खाडीत नाही.

आपल्याकडे मुलं हटकून विचारतात: साखर कारखान्याच्या धुरांड्याचं काय? उत्तर दोन भागांत द्या. बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचं चिपाड, जळतो त्यातला कार्बन त्याच उसाने वाढताना हवेतून घेतलेला असतो. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकचं डिझेल आणि वीजकेंद्रातला कोळसा यांतला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, आणि समुद्रावरचा भार वाढतो तो त्यानेच.